कशात काय ठेवावे

जुन्या घरांतील स्वयंपाकघरात एक न लिहिलेले शास्त्र नांदत असे. लोणचे चिनी मातीच्या बरणीत, पीठ डब्यात, पाणी माठात. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे सुनेला शिकविण्यासाठी कोणा पंडिताची गरज पडत नसे. पदार्थ चांगला करणे हे अर्धे काम. तो कशात ठेवला यावर त्याचे पुढचे आयुष्य अवलंबून असते, एवढे ज्ञान प्रत्येक गृहिणीच्या हाताला होते.

मी वरच्या वर्गांतील मुलांना संगणकाच्या आज्ञावली लिहावयास शिकवतो, तेव्हा या स्वयंपाकघराची मला वारंवार आठवण होते. आम्ही वापरतो ती पायथॉन भाषा गिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनी १९९१ साली प्रथम लोकांपुढे ठेवली. पुष्कळ गोष्टी एकत्र साठवावयाच्या असतील तर तीत निरनिराळी भांडी तयारच मिळतात. लिस्ट म्हणजे यादी, सेट म्हणजे संच, डिक्शनरी म्हणजे कोश, अशी त्यांची नावे आहेत. परंतु मुलांच्या हाताशी येते ते एकच भांडे. 'अरे, ही नावे कशात ठेवलीस?' असे विचारावे, तर उत्तर ठरलेले: 'लिस्टमध्ये, सर.' 'आणि हे गुण?' 'तेही लिस्टमध्येच.' दही, पीठ, लोणचे सारे एकाच डब्यात! आज्ञावली चालते, उत्तरही बरोबर येते, त्यामुळे मुलांना त्यात काही वावगे वाटत नाही. पण दहा नावांच्या जागी दहा हजार आली म्हणजे तीच आज्ञावली धापा टाकू लागते.

फळ्यावर केलेल्या व्याख्यांनी या रोगाला उतार पडत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी मुलांना माझ्या आजोळी घेऊन जातो. अर्थात बोलता बोलता! माझे आजोळ उज्जैनचे. राणोजी शिंद्यांच्या मागोमाग माळव्यात अनेक मराठी कुटुंबे स्थिरावली. पुढे १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी काही घरे क्षिप्रेच्या काठीच राहिली. माझ्या आईचे घराणे त्यांपैकी एक. त्या घरात धान्याची मातीची कोठी होती. गहू वरच्या तोंडातून ओतावयाचे आणि लागतील तसे खालच्या भोकाचा बोळा काढून घ्यावयाचे. त्यामुळे जे धान्य आधी आत गेले तेच आधी बाहेर येई, आणि जुने धान्य तळाशी पडून किडत नसे.

आमच्या सांगलीकडे मात्र जमिनीत खणलेली पेवे असत. हरिपूरची हळदीची पेवे तर प्रसिद्धच आहेत. पेवाला तोंड एकच, वरचे. तेथे शेवटी पडलेला माल पहिल्याने हाती लागतो. स्वयंपाकघरातील मडक्यांच्या उतरंडीचाही न्याय तोच. सर्वांत खालचे मडके हवे असेल तर वरची सारी एकेक करून उतरविल्यावाचून गत्यंतर नाही.

संगणकवाले कोठीला क्यू म्हणतात आणि पेवाला किंवा उतरंडीला स्टॅक म्हणतात. लिहिताना आपण शेवटची कृती मागे घेतो तेव्हा संगणक उतरंडीचे वरचे मडके काढीत असतो. छपाईयंत्राकडे कागदपत्रे पाठविली म्हणजे ती कोठीतल्या गव्हांप्रमाणे आलेल्या क्रमाने बाहेर येतात. यात श्रेष्ठ कोण, हा प्रश्न निरर्थक आहे. प्रश्न इतकाच, की काम कोणते? महाकाळेश्वराच्या मंदिरात वरच्या मजल्यावर नागचंद्रेश्वर आहे. त्याचे दार वर्षातून एकदाच, नागपंचमीला उघडते. त्या दिवशीची रांग डोळ्यांपुढे आणावी आणि ती पेवाच्या नियमाने चालवून पाहावी. शेवटी आलेला पहिल्याने आत जाईल, आणि आदल्या रात्रीपासून तिष्ठत उभा असलेला भाविक दार मिटेपर्यंत तिष्ठतच राहील! भांडे चुकले म्हणजे केवळ वेळ जातो असे नाही. कोणावर तरी अन्याय होतो.

येथे एखादा चलाख मुलगा म्हणतो, 'सर, रांग लिस्टमध्येही करता येते की! पहिले नाव काढून टाकायचे, झाले.' होय, करता येते. पण यादीच्या आरंभीचे नाव काढले म्हणजे मागच्या प्रत्येकाला एकेक जागा पुढे सरकवावे लागते. शंभर माणसे असतील तर काही बिघडत नाही. लाख असतील तर एका माणसाच्या दर्शनासाठी लाखांची हलवाहलव दर वेळी होणार. म्हणून पायथॉनमध्ये दोन्ही तोंडे मोकळी असलेले डेक नावाचे वेगळे भांडे आहे. त्यात कोणाला सरकवावे लागत नाही.

आता यादीची खरी थोरवी पाहू. उज्जैनला चौऱ्यांशी महादेवांची यात्रा करण्याची प्रथा आहे. स्कंदपुराणाच्या अवंतिखंडात त्यांचे माहात्म्य आले असून प्रत्येकाचा क्रमांक ठरलेला आहे. पहिला अगस्त्येश्वर, चौऱ्यांशीवा उत्तरेश्वर. ही खरीखुरी यादी होय, कारण येथे क्रमाला अर्थ आहे. सत्तावन्नावा महादेव कोणता, असे विचारताच यादी एका पावलात उत्तर देते. (संगणक शून्यापासून मोजतो, म्हणून त्याच्या दप्तरी अगस्त्येश्वर शून्यावर आणि उत्तरेश्वर त्र्याऐंशीवर बसतो. हे कळल्यावर वर्गात हमखास हशा पिकतो.) मात्र लागोपाठच्या क्रमांकांची देवळे शेजारीशेजारी असतात असे नव्हे. म्हणून वाहनाने यात्रा करणारे लोक तीच चौऱ्यांशी नावे वाड्यावस्त्यांप्रमाणे दुसऱ्या रीतीने मांडून घेतात. देव तेच, मांडणी निराळी. कारण पोथीचा प्रश्न निराळा आणि पायांचा प्रश्न निराळा.

समजा, एक यात्रेकरू म्हातारबुवा चार दिवस हिंडत आहेत. काही देवळांत ते दोनदा गेले आहेत, आणि आता त्यांना एवढेच जाणून घ्यावयाचे आहे की राहिली कोणती. येथे यादीपेक्षा संच कामाचा. संचात एक वस्तू एकदाच राहते. दोनदा टाकली तरी ती एकच. चौऱ्यांशींच्या संचातून झालेल्यांचा संच वजा केला की राहिलेली देवळे हाती येतात. पायथॉनमध्ये त्याला एकच ओळ पुरते. मात्र बुवांनी उद्या विचारले, 'मी आधी कोठे गेलो होतो बरे?' तर संच मुका राहील. क्रम सांभाळण्याचे वचन त्याने दिलेलेच नव्हते.

संच इतका चपळ का, हेही जाणून घेण्याजोगे आहे. एक लाख नावांची वाटेल तशी लिहिलेली यादी असेल, तर एक नाव शोधण्यासाठी वाईटात वाईट वेळी लाखही नावे पाहावी लागतील. तीच यादी अकारविल्हे लावलेली असेल तर मधोमध उघडावी, अर्धी टाकून द्यावी, उरलेलीच्या पुन्हा मधोमध पाहावे. असे केल्यास अधिकात अधिक १७ वेळा पाहून काम होते. तिसरी युक्ती याहून नामी आहे. नावातील अक्षरांवर एक ठरावीक गणित करावयाचे आणि जे उत्तर येईल त्या क्रमांकाच्या कप्प्यात ते नाव ठेवावयाचे. शोधतानाही तेच गणित करावे आणि थेट त्या कप्प्याशी जावे; बहुधा पहिल्याच खेपेस काम होते. आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५३ साली एका टिपणात ही कल्पना मांडली. तिला हॅशिंग म्हणतात. संच आणि कोश हे दोघेही तिच्यावरच उभे आहेत.

कोशाचे उदाहरणही उज्जैनमध्येच सापडते. अधिक महिन्यात तेथील स्त्रिया सप्तसागरांची यात्रा करतात. हे सागर म्हणजे गावातील सात तलाव, आणि प्रत्येकाला द्यावयाचे दान वेगळे. रुद्रसागराला मीठ, पुरुषोत्तमसागराला मालपुवे, अशी ती रीत. सागराचे नाव घेतले की दान आठवते. ज्या नावाने शोधावयाचे ती किल्ली, आणि तिच्याजवळ ठेवलेले ते मोल. अशा जोड्यांचा साठा म्हणजे कोश. तो फार वेगवान असतो, पण त्याची एक अट आहे. किल्ली आपल्याजवळ हवी, आणि ती नेमकी तीच हवी.

ही अट किती कठोर असते, हे मला २००४ च्या सिंहस्थात कळले. गुरू सिंह राशीत आणि सूर्य मेषेत असताना उज्जैनला हा मेळा भरतो, आणि चैत्री पौर्णिमेपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत क्षिप्रेचे घाट माणसांनी फुलून जातात. आईची एक म्हातारी मावशी सांगलीहून आमच्याबरोबर आली होती. स्नान करून रामघाटाच्या पायऱ्या चढताना गर्दीचा एक लोंढा आला आणि ती दिसेनाशी झाली. तिला हिंदीचा गंध नव्हता. उन्हाचा तडाखा चढत होता आणि तिच्या पायांत जेमतेम बळ होते. मामाचा चेहरा पांढरा पडला होता. हरवलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या एका केंद्रात आम्ही गेलो. तेथे व्यवस्था उत्तम होती. आद्याक्षरांप्रमाणे कप्पे पाडलेली मोठी नोंदवही होती आणि बसलेला तरुण स्वयंसेवक अदबीने वागत होता. मामाने सांगितले, 'सरस्वती.' त्याने 'स' उघडला. त्या पानावर सरस्वती चार होत्या, पण आमची नव्हती. त्याने दुसऱ्यांदा पाहिले, मान हलविली आणि आम्हांला पुढच्या केंद्रात चौकशी करावयास सांगितले.

आम्ही निघालो तो दाराशी एक वृद्ध सेवक एक साधी वही घेऊन बसलेला दिसला. येणाऱ्या प्रत्येकाची नोंद तो आधी तीत करी आणि मग आत पाठवी. वहीला ना कप्पे, ना अक्षरे. फक्त एकाखाली एक ओळी आणि समासात वेळ. त्याने विचारले, 'किती वाजता हरवल्या?' मामा म्हणाला, 'नऊ वाजून गेले असतील.' सेवकाने नऊच्या पानावर बोट ठेवले आणि तो हळूहळू खाली येऊ लागला. साडेनऊच्या सुमारास ओळ होती: यमू, मराठी, हिरवे लुगडे, कपाळावर गोंदण. ती मागच्या मंडपात पाणी पीत बसली होती.

'अगं मावशी,' मामा जवळजवळ रडत म्हणाला, 'नाव नाही का सांगायचंस?'

'सांगितलं की! यमू.'

'अगं, तुझं नाव सरस्वती ना?'

ती शांतपणे म्हणाली, 'ते सासरचं रे. हरवल्यावर कोणी सासरचं नाव सांगतं का?'

तिच्या या प्रश्नाला माझ्याजवळ आजही उत्तर नाही. साठ वर्षे सारे गाव तिला ज्या नावाने हाक मारीत होते ते नाव त्या क्षणी तिच्या ओठांवर आले नाही. आले ते आईने ठेवलेले. मोठ्या नोंदवहीत ती होती, पण 'य'च्या कप्प्यात होती. वही खोटी नव्हती, स्वयंसेवकानेही कसूर केली नव्हती. त्या भांड्याला एकच प्रश्न ठाऊक होता: नाव काय? आणि या एका प्रश्नाला तिची दोन खरी उत्तरे होती. साध्या वहीला तो प्रश्न सोडविता आला नसता. लाख ओळींत एक नाव शोधावयाचे तर दिवस मावळला असता. पण तिने वेळेचा क्रम जपला होता, आणि हरवल्याची वेळ आमच्यापाशी होती. ज्या यादीच्या अतिवापराबद्दल मी मुलांना रागावतो, तिनेच आम्हांला आमचे माणूस परत दिले.

पायथॉनमध्ये एक नियम आहे. जी वस्तू ठेवल्यानंतर बदलू शकते तिला कोशाची किल्ली होता येत नाही. यादीला किल्ली करू म्हटले तर भाषा स्पष्ट नकार देते. मुलांना हा नियम जाचक वाटतो. पण किल्ली बदलली की गणिताचे उत्तर बदलते, आणि मग वस्तू एका कप्प्यात पडून राहते व आपण दुसराच कप्पा उघडून रिकाम्या हाताने परततो. वस्तू नाहीशी झालेली नसते. तिच्याकडे जाणारी वाट तेवढी बुजलेली असते. मावशीची गोष्ट ऐकलेल्या मुलांना हा नियम पुन्हा सांगावा लागत नाही.

अशी बुजलेली वाट उज्जैनच्या घाटांवर आणखीही पाहावयास मिळते. तेथील तीर्थपुरोहितांजवळ यजमानांच्या वंशावळींच्या वह्या असतात. कोणी आला की पुरोहित विचारतात, 'गाव कोणते? आडनाव काय?' प्रांतातून गाव, गावातून कुळ, कुळातून पणजोबांचे नाव. एका कोशाच्या पोटात दुसरा कोश, अशी ती रचना. गाव सांगणाऱ्याला थोड्या वेळात आपल्या पूर्वजांची नावे वाचावयास मिळतात. परंतु जे पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहिले, ज्यांना आडनाव आठवते पण मूळ गाव आठवत नाही, त्यांच्या हातून पहिलीच किल्ली निसटलेली असते. पणजोबांचे नाव तेथे असूनही त्यांच्यापुरते ते नसल्यासारखेच.

यावर तोडगा नाही असे नाही. एकच नोंद दोन भांड्यांत ठेवता येते: एक काळाच्या क्रमाने, दुसरी नावाच्या किल्लीने. त्या केंद्रात नकळत हेच घडले होते. २०१८ पासून तर पायथॉनचा कोश नोंदी ज्या क्रमाने आल्या तो क्रमही जपण्याची हमी देतो. पण दोन भांडी ठेवणाऱ्याने प्रत्येक नवी नोंद दोन्हींत केली पाहिजे आणि प्रत्येक दुरुस्तीही दोन्हींत केली पाहिजे. एकीकडे विसर पडला की दोन वह्या दोन गोष्टी सांगू लागतात, आणि मग कोणती खरी हे ठरविण्याचे नवे काम उभे राहते. फुकट असे कोणतेच भांडे मिळत नाही. कोणी जागा घेते, कोणी वेळ घेते, कोणी क्रम विसरते.

तेव्हा भांडे निवडावयाचे कसे? मी मुलांना एवढेच सांगतो, की साठवण्यापूर्वी आपल्याला उद्या कोणता प्रश्न विचारला जाणार आहे ते कागदावर लिहा. 'कितवा?' असा प्रश्न असेल तर यादी. 'आहे की नाही?' असेल तर संच. 'अमक्याचे काय?' असेल तर कोश. 'आधी आलेला कोण?' असेल तर कोठी, आणि 'शेवटचा कोण?' असेल तर उतरंड. यानंतर आणखी एक ओळ लिहावयास मी सांगतो: विचारणाऱ्याजवळ त्या वेळी कोणती किल्ली असेल? ही ओळ कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, पण माझ्या वर्गात तिच्यावाचून आज्ञावली तपासली जात नाही.

आपल्या शाळेच्या कार्यालयात जनरल रजिस्टर नावाची जाडजूड वही आहे. हजेरीपटावरील क्रमांक दर वर्षी बदलतो. या वहीतील क्रमांक प्रवेशाच्या दिवशी मिळतो तो कायमचा, आणि तो पुन्हा दुसऱ्या कोणाला दिला जात नाही. ज्यांनी ही पद्धत बसविली त्यांनी संगणक पाहिला नसेल, पण न बदलणारी किल्ली म्हणजे काय हे त्यांना पुरेपूर माहीत होते. कित्येक वर्षांनी एखादी माजी विद्यार्थिनी दाखल्याची प्रत मागावयास येते. तिचे नाव बदललेले असते, आडनाव बदललेले असते, आणि क्रमांक तर तिने कधी पाठ केलेलाच नसतो. आमचे लेखनिक तिला क्रमांक विचारीत बसत नाहीत. ते विचारतात, 'शाळेत कोणत्या वर्षी आलात? आणि बाई, तुमचे माहेरचे नाव काय?' मग ते त्या वर्षाचे पान उघडतात, आणि बोट हळूहळू खाली येऊ लागते.